बेसबॉल थांबले म्हणून हॉकी वाढेल का?

आपण डॅलसच्या उपनगरातील एका बर्फाच्या रिंकमध्ये भागीदार आहात. व्यावसायिक बेसबॉलमधील मालक व खेळाडू यांचा करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो, त्यामुळे २०२७ च्या वसंतात मैदाने बंद राहिली तर त्याचा लाभ हॉकीला मिळेल काय, आणि मिळणार असेल तर मुलांचे नवे वर्ग आताच वाढवावेत काय, असा आपला प्रश्न आहे. येथे हॉकी म्हणजे अर्थातच बर्फावरची. वीस वर्षांहून अधिक काळ मी क्रीडावाहिन्यांवरील जाहिरातवेळेची खरेदी आणि नियोजन हे काम केले आहे. खेळ बंद पडल्यावर पैसा आणि प्रेक्षक कोठे जातात, हे पाहणे हाच त्या कामाचा एक भाग होता. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की दुसऱ्या खेळाच्या बंदमुळे हॉकीला मोकळी वेळ मिळते, क्वचित थोडा पैसाही मिळतो, मात्र चाहते मिळत नाहीत. शिवाय जी मोकळी वेळ मिळाली, तिच्यातील सर्वांत मौल्यवान भाग हॉकीने स्वतःच्या हाताने घालवला आहे.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. खेळाडूंनी काम थांबवले तर तो संप, आणि मालकांनी दारे लावून घेतली तर ती टाळेबंदी. २०२० नंतर टाळेबंदी म्हटले की आपल्याला करोना आठवतो, पण गिरणगावात या शब्दाचा जो जुना अर्थ होता तोच येथे घ्यावा. गिरणगावाचे नाव निघालेच आहे तर हेही सांगतो की, अशा प्रश्नामागे आपल्या मनात नकळत १९८२ चा गिरणी संप असतो. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांना काम मिळाले. म्हणजे एकाचे बंद पडणे हा दुसऱ्याचा लाभ, असे गणित आपण मांडतो. तथापि, ग्राहकाला लुगडे हवे होते आणि ते कोणत्या मागावर विणले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. न्यूयॉर्कमध्ये बास्केटबॉलच्या निक्स संघाचा चाहता असलेल्या माणसाला मात्र ‘संध्याकाळचा कोणताही एक सामना’ नको असतो; त्याला निक्सच हवे असतात. ते नसतील तर तो वाट पाहतो, किंवा दूरचित्रवाणी बंद करून दुसरे काही करतो.

याचा सर्वांत स्वच्छ पुरावा हॉकीच्या बाहेरचा आहे. १९८२ मध्ये अमेरिकी फुटबॉलच्या खेळाडूंनी ५७ दिवसांचा संप केला आणि तो हंगाम प्रत्येक संघासाठी केवळ ९ सामन्यांचा उरला. रविवारची दुपार रिकामी पडल्यामुळे एनबीसी वाहिनीने कॅनडाच्या फुटबॉल लीगचे सामने दाखवायला घेतले. तो खेळ जवळजवळ तोच होता. मैदान थोडे मोठे, खेळाडू अकराऐवजी बारा आणि चेंडू पुढे नेण्याचे चारऐवजी तीन प्रयत्न, एवढाच फरक. तरीही प्रेक्षक आले नाहीत आणि थोड्याच आठवड्यांत वाहिनीने तो प्रयोग गुंडाळला. दुसऱ्या वाहिनीने, म्हणजे सीबीएसने, लहान महाविद्यालयांचे सामने दाखवून पाहिले, पण त्यालाही फारसे यश आले नाही. फुटबॉलचा चाहता जर शेजारच्या देशातील फुटबॉलकडे वळत नसेल, तर तो बर्फावर फिरणाऱ्या, डोळ्याला नीट न दिसणाऱ्या रबरी चकतीकडे का वळेल? ही चकती दिसत नाही ही तक्रार इतकी जुनी आहे की फॉक्स वाहिनीने १९९६ मध्ये तिच्याभोवती निळसर प्रकाश उमटवणारे तंत्र आणले होते. जाणकारांनी त्याची इतकी थट्टा केली की दोन वर्षांतच ते गेले. माझ्या मते ते थट्टेइतके वाईट नव्हते, पण तो वेगळा विषय आहे.

आता १९९४ कडे येतो, कारण आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचे वर्ष तेच आहे आणि हॉकीला तशी संधी त्यापूर्वी किंवा त्यानंतर मिळाली नाही. त्या जूनमध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने व्हँकूव्हरला अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात हरवून ५४ वर्षांनी स्टॅन्ली कप हा हॉकीचा सर्वोच्च करंडक जिंकला होता आणि अमेरिकेतील सर्वांत मोठे शहर प्रथमच एवढ्या उत्साहाने हॉकीबद्दल बोलत होते. मायकेल जॉर्डन बास्केटबॉल सोडून गेला होता. एका नामवंत क्रीडा साप्ताहिकाने तर मुखपृष्ठावरच हॉकी तेजीत का आहे आणि बास्केटबॉल का नाही, हा विषय घेतला. १२ ऑगस्ट रोजी बेसबॉलपटू संपावर गेले आणि १४ सप्टेंबर रोजी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम स्पर्धा, रद्द झाल्याची घोषणा झाली. दोन महायुद्धांतही जी थांबली नव्हती ती स्पर्धा पैशाच्या वादात थांबली आणि लोक संतापले. त्याच सप्टेंबरमध्ये फॉक्सने एनएचएल या उत्तर अमेरिकेतील मुख्य हॉकी लीगशी पाच वर्षांचा १५ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. सुमारे दोन दशकांनंतर हॉकीला राष्ट्रीय वाहिनीचे पक्के घर मिळत होते. ऑक्टोबर महिन्यात बेसबॉल नव्हते, बास्केटबॉल नोव्हेंबरमध्ये सुरू व्हायचे होते, आणि हॉकीचा हंगाम १ ऑक्टोबरला उघडायचा होता.

त्याच १ ऑक्टोबरला हॉकीच्या मालकांनी टाळे लावले. आयुक्त गॅरी बेटमन यांना पदावर येऊन दोन वर्षेही झाली नव्हती, आणि मालकांना वाढत्या वेतनांवर लगाम हवा होता. तडजोड ११ जानेवारी १९९५ रोजी झाली आणि ८४ ऐवजी ४८ सामन्यांचा हंगाम खेळला गेला. तोवर लोकांच्या मनातील न्यूयॉर्कचा विजय थंडावला होता. मार्चमध्ये जॉर्डन परतला आणि एप्रिलच्या अखेरीस बेसबॉलही सुरू झाले. त्या जूनमध्ये न्यू जर्सी डेव्हिल्स जिंकले, तेही रिंकच्या मध्यभागी बचावाचे जाळे टाकून प्रतिस्पर्ध्याला अडवणाऱ्या, गोल कमी आणि कंटाळा अधिक अशा खेळाने. त्याला कोणीही नवखा प्रेक्षक भुलण्यासारखा नव्हता.

या कथेतील एक बाजू मात्र नेहमी राहून जाते. बेसबॉलच्या संपामुळे बेसबॉलचे नुकसान झालेच नाही असे नव्हे. १९९५ मध्ये मैदानांवरील सरासरी उपस्थिती सुमारे २० टक्क्यांनी घटली. म्हणजे दुखावलेले, रागावलेले आणि मोकळे झालेले चाहते खरोखर अस्तित्वात होते. ते हॉकीकडे आल्याचे मात्र कोठे दिसत नाही. त्यांना परत आणण्याचे श्रेय सर्वसाधारणपणे १९९५ मधील कॅल रिपकेनच्या सलग सामन्यांच्या विक्रमाला आणि १९९८ मधील मॅग्वायर-सोसा यांच्या होमरनच्या शर्यतीला देतात. मॅग्वायरने पुढे औषधे घेतल्याची कबुली दिली आणि सोसावरही संशय राहिला ही गोष्ट वेगळी, पण रुसलेला चाहता रुसूनच घरी बसला आणि आपल्याच खेळाने समजूत काढल्यावर परतला, एवढे त्यावरून नक्की कळते.

माँट्रियलचे उदाहरण याहून टोकाचे आहे. संप सुरू झाला तेव्हा तेथील एक्सपोज संघ ७४ विजय आणि ४० पराभव अशा कामगिरीसह संपूर्ण बेसबॉलमध्ये पहिला होता. संपानंतर त्याला आपले महागडे खेळाडू विकावे लागले, प्रेक्षक आटले आणि २००४ नंतर तो संघ वॉशिंग्टनला गेला. प्रतिस्पर्धी खेळ नुसता थांबला नाही, तर शहरातून कायमचा गेला. आणि तरीही हॉकीला तेथे काही मिळवायचे शिल्लक नव्हते, कारण माँट्रियलमध्ये हॉकी आधीच सर्वांच्या वर होती. कॅनडाचा प्रश्न म्हणून बाजूला ठेवता येतो. इतकेच सांगतो की त्याच काळात क्वेबेकचा संघ १९९५ मध्ये डेन्व्हरला आणि विनिपेगचा १९९६ मध्ये फिनिक्सला गेला, कारण हॉकीच्या स्वतःच्या तडजोडीत लहान शहरांना तारणारी वेतनमर्यादा आली नव्हती. दुसऱ्याच्या घरातील भांडणापेक्षा आपल्या घरातील भांडणाचा निकाल खेळाला कितीतरी अधिक घडवतो.

१९९८-९९ ची बास्केटबॉलची टाळेबंदी लवकर आटोपतो. तो हंगाम ५० सामन्यांवर आला, जानेवारीच्या अखेरपर्यंत हॉकीला हिवाळी संध्याकाळी एकटीला मिळाल्या, आणि सांगण्यासारखे काही घडले नाही.

२०११ मात्र मी कामाच्या टेबलावर बसून पाहिले. १ जुलैपासून बास्केटबॉलची टाळेबंदी सुरू झाली आणि १६१ दिवस चालली. हंगाम नाताळच्या दिवशी ६६ सामन्यांचा म्हणून सुरू झाला. हॉकी यावेळी उघडी होती आणि तयारही होती. त्या जूनमधील अंतिम मालिकेचा बोस्टन-व्हँकूव्हर सातवा सामना अमेरिकेत सुमारे ८५ लाख लोकांनी पाहिला होता. एनबीसीशी दहा वर्षांचा सुमारे २०० कोटी डॉलरचा नवा करार झाला होता. जाहिरातदारांचे नोव्हेंबर-डिसेंबरचे बास्केटबॉलसाठी राखलेले पैसे मोकळे झाले आणि ते कोठे लावायचे हे विचारणारे फोन आमच्याकडे येऊ लागले. आम्ही हॉकीचे प्रस्ताव मांडले. माझ्या हातून गेलेल्या व्यवहारांत त्यातला मोठा भाग फुटबॉल आणि महाविद्यालयीन खेळांकडे गेला, काहींनी पैसे नाताळपर्यंत हातात धरून ठेवले, आणि उरलेसुरले हॉकीला मिळाले. एका ग्राहकाने मला सरळ सांगितले की हॉकीचा प्रेक्षक त्याला आवडतो, पण तो प्रेक्षक त्याला आधीच मिळालेला आहे. नवा कोण येणार ते आम्ही दाखवावे. ते आम्हाला दाखवता आले नाही.

त्या हंगामातील न्यूयॉर्कची गोष्ट मी प्रशिक्षणार्थींना आजही सांगतो. मॅडिसन स्क्वेअर गार्डन ही एकच इमारत, एकच मालकी, एकच प्रादेशिक वाहिनी, आणि तीत निक्स व रेंजर्स दोघेही. रेंजर्स त्या वर्षी आपल्या विभागात पहिले आले, १०९ गुण मिळवून. कित्येक वर्षांतील त्यांची ती सर्वोत्तम कामगिरी होती. शरद ऋतूत त्यांच्याशी स्पर्धा करायला इमारतीत कोणी नव्हते. १ जानेवारी २०१२ पासून ती वाहिनी एका मोठ्या केबल कंपनीशी झालेल्या पैशाच्या वादात असंख्य घरांतून बंद झाली आणि अव्वल स्थानावरील हॉकी संघ लोकांना दिसेनासा झाला. वाद आठवड्यांमागून आठवडे चालला. मग ४ फेब्रुवारीला निक्सच्या बाकावर बसलेल्या जेरेमी लिन नावाच्या, फारसे कोणाला माहीत नसलेल्या खेळाडूने २५ गुण केले, सहा दिवसांनी लेकर्सविरुद्ध ३८ केले, आणि सारे शहर वेडे झाले. १७ फेब्रुवारीला वाद मिटला. पडद्यामागे काय बोलणी झाली ते सोडून देऊ, पण आमच्या धंद्यात कोणालाही शंका नव्हती की तो लिनच्या दोन आठवड्यांनी मिटवला. रेंजर्सच्या चार महिन्यांनी तो मिटला नव्हता.

त्यानंतरचा भाग खेदाने सांगतो. बास्केटबॉलच्या टाळेबंदीतून हॉकीला जे काही थोडे मिळाले असेल, त्याचा हिशेब लागण्याआधीच सप्टेंबर २०१२ मध्ये एनएचएलने स्वतःची टाळेबंदी जाहीर केली. हंगाम पुन्हा ४८ सामन्यांवर आला आणि नववर्षदिनाचा उघड्या मैदानावरील सामना रद्द झाला. त्याआधी २००४-०५ चा तर संपूर्ण हंगामच गेला होता. मालक-खेळाडू वादात पूर्ण हंगाम गमावणारी ती उत्तर अमेरिकेतील पहिली मोठी लीग. प्रतिस्पर्ध्यांच्या बंदबद्दल एनएचएलच्या कार्यालयात कोणी उत्साहाने बोलू लागले की मला हे आठवते. गंमत अशी की हॉकी परतल्यावर २००५-०६ मध्ये रिंकांवरील उपस्थिती कमी न होता वाढली. याचा अर्थ तिचे चाहतेही बेसबॉलच्या चाहत्यांसारखेच, आपल्या खेळाची वाट पाहत बसणारे. हॉकी बंद असताना ते बास्केटबॉलकडे गेले नाहीत, तर बास्केटबॉल बंद असताना तेथील लोक हॉकीकडे यावेत अशी अपेक्षा कोणत्या तर्काने करायची?

नकाशाकडेही पाहावे. सॅन अँटोनियो, ओक्लाहोमा सिटी, मेम्फिस, पोर्टलंड, न्यू ऑर्लिन्स या शहरांत बास्केटबॉल संघ आहे आणि एनएचएल संघ नाही. बेसबॉलच्या बाबतीत ह्यूस्टन, अटलांटा, क्लीव्हलंड, सिनसिनाटी, कॅन्सस सिटी, सॅन दिएगो यांची तीच गत. तेथील चाहता मोकळा झाला तरी त्याला आपला म्हणावा असा हॉकी संघ गावात नाही, आणि अमेरिकेत हॉकी मुख्यतः गावाच्या संघामुळेच पाहिली जाते.

हॉकी प्रत्यक्षात वाढली ती अन्य कारणांनी. ऑगस्ट १९८८ मध्ये हॉकीचा सर्वांत मोठा तारा वेन ग्रेट्स्की एडमंटनहून लॉस एंजेलिसला गेला आणि पुढील पाच वर्षांत सॅन होजे, अनाहाइम, टँपा आणि मायामी परिसरात संघ उभे राहिले. २०१७ मध्ये लास व्हेगासला स्वतःचा संघ मिळाला, तो पहिल्याच हंगामात अंतिम फेरीत पोहोचला आणि एका शहराने खेळ आपलासा केला. कॅनडात २००८ पासून पंजाबी समालोचन सुरू झाले, तेव्हा ज्या घरांत आजी-आजोबांना आवाजच परका वाटत होता त्या घरांत शनिवारी रात्री हॉकी लागू लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये चार देशांच्या स्पर्धेत अमेरिका-कॅनडा अंतिम सामना झाला आणि अमेरिकेत तो ९३ लाख लोकांनी पाहिला. त्या आठवड्यात कोणताही मोठा खेळ संपावर नव्हता, दोन देशांतील राजकीय ताण मात्र होता आणि सर्वोत्तम खेळाडू बर्फावर होते.

सेथ जोन्सचे उदाहरण तुमच्या धंद्याच्या दृष्टीने यांपेक्षा अधिक बोलके आहे. त्याचे वडील पोपाय जोन्स व्यावसायिक बास्केटबॉलपटू. मुलाचा जन्म तुमच्याच आर्लिंग्टनमधला. वडील डेन्व्हरच्या संघात असताना मुलाला हॉकीची ओढ लागली, तेव्हा त्यांनी त्याच इमारतीत खेळणाऱ्या हॉकी संघाचा कर्णधार जो सॅकिक याला सल्ला विचारला. सॅकिकने वडिलांची उंची पाहून मुलगाही उंच होणार हे ओळखले आणि आधी स्केटिंगचे धडे द्या असे सांगितले. बास्केटबॉलच्या घरातील तो मुलगा २०१३ मध्ये एनएचएलच्या नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत चौथा आला. तेथे बास्केटबॉल थांबण्याची गरज पडली नाही. जवळ रिंक होते आणि विचारायला माणूस होता.

आता २०२७ चे पाहू. एक तर करार डिसेंबरमध्ये संपतो, आणि टाळेबंदी झालीच तरी पहिले चार महिने बेसबॉलचे सामने तसेही नसतात. २०२१-२२ मध्ये ९९ दिवसांची टाळेबंदी होऊनही शेवटी पूर्ण १६२ सामने झाले. ती एप्रिलपर्यंत लांबली, तर हॉकीच्या शेवटच्या आठवड्यांत आणि प्ले-ऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या, काळात स्थानिक बातम्यांत आणि उपाहारगृहांच्या पडद्यांवर डॅलसच्या स्टार्स या एनएचएल संघाला अधिक जागा मिळेल, हे मान्य. या वेळी हॉकी स्वतः दार लावून बसणार नाही हीदेखील जमेची बाजू. तिचा नवा करार सप्टेंबर २०३० पर्यंतचा आहे. परंतु पूर्वी बंदमुळे प्रादेशिक वाहिनीच्या वेळापत्रकात जी पोकळी पडत असे, ती डॅलसमध्ये आता उरलेली नाही. स्टार्स २०२४ पासून आपले सामने इंटरनेटवर विनामूल्य दाखवतात आणि टेक्सास रेंजर्स या तेथील बेसबॉल संघानेही जुनी वाहिनी सोडली आहे. आधी एकच नळ होता. त्यातले एक पाणी बंद झाले की दुसरे जोरात येई. आता नळच वेगळे आहेत.

आणि रिंकच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की व्यावसायिक बेसबॉल थांबले तरी मुलांचे बेसबॉल थांबत नाही. आर्लिंग्टनचे मोठे मैदान कुलूपबंद असले तरी प्लेनो आणि फ्रिस्को या उपनगरांतील मुलांचे सामने शनिवारी सकाळी ठरल्याप्रमाणे होतील, गणवेशाचे पैसे भरलेले असतील आणि आई-वडील खुर्च्या घेऊन तेथेच बसलेले असतील. तुमच्याकडे येऊ शकणाऱ्या मुलाचे वेळापत्रक त्या टाळेबंदीने तासभरही मोकळे होणार नाही.

म्हणून बेसबॉलच्या भरवशावर नवे वर्ग काढू नका. वाढवायचेच असतील तर स्टार्सच्या प्ले-ऑफशी त्यांची सांगड घाला. २०२३ ते २०२५ अशी सलग तीन वर्षे तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि मे महिन्यात घरी सामना पाहिलेले मूल दुसऱ्या दिवशी स्केट मागते हा तुमचाही अनुभव असेल. त्या आठवड्यांत भाड्याचे लहान मापाचे स्केट पुरेसे ठेवा, पहिला तास विनामूल्य ठेवा, आणि नोंदणीच्या अर्जात मूल याआधी कोणता खेळ खेळत होते हा एक रकाना घाला. २०२७ च्या जूनमध्ये तो रकाना पाहून मला कळवा. माझा अंदाज चुकला असेल तर तो तेथेच प्रथम दिसेल.